झडतीचा जवाब

आमच्या मराठीच्या सरांनी ‘माझ्या आयुष्यातील थोर व्यक्ती’ या विषयावर लिहून आणायला सांगितलं तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी पुढाऱ्यांची नावं घेतली. मी तेजरावचं नाव सांगितलं. सरांनी विचारलं, “हे कोण?” मी म्हणालो, “माझ्या खोलीत राहायचा, सर. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नापास झाला.” वर्ग हसला. एरवी वर्ग हसला की माझे कान तापतात. त्या दिवशी तापले नाहीत. त्याचं कारण तेजरावच आहे, आणि ते मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, पण प्रयत्न करतो.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मोताळ्याच्या बाजूच्या खेड्यातून मी बुलढाण्याला आलो तेव्हा मला एवढंच माहीत होतं की तिथं बोलताना चूक झाली तर लोक हसतात. म्हणून मी बोलतच नसे. आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. तिसरा वसंता, खामगावचा. त्याच्या वडलांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याची जीभ कात्रीसारखी चालायची. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझं नाव ‘गाय’ ठेवलं. गरीब, मुकी, दावं धरलं की चालणारी. चार दिवसांत सगळ्या आळीतली पोरं मला गाय म्हणू लागली.

तेजराव माझ्यानंतर आला. जानेफळच्या पलीकडचं त्याचं गाव. उंच, हाडापेरानं मोठा, कान बाहेर आलेले. तो हसायचा तेव्हा आवाज येत नसे, नुसते खांदे हलायचे. सामान आणायला ट्रंक नव्हती म्हणून त्यानं तेलाचा रिकामा पिपा कापून त्याला कडी-कोयंडा बसवून आणला होता. पुस्तकं, कपडे, भाकरीचं पीठ, सगळं त्या पिप्यात. वसंतानं तो पिपा पाहिला आणि दारातच म्हणाला, “काय बे, घाण्यावरून थेट कॉलेजात?”

मला वाटलं, आता याचंही नाव ठेवलं जाणार. तेजरावनं पिपा खाली ठेवला. खोलीत घरमालकिणीचा एक लाकडी पाट होता, तो ओढला, हातानं झटकला आणि वसंतापुढं ठेवला.

“बस,” तो म्हणाला.

“काऊन?”

“मजाक उभ्यानं करू नाई. पाय दुखतात. बस आन् बोल निवांत. पिप्याबद्दल अजून काय काय सुचून राह्यलं तुले?”

वसंता खरोखरच बसला. पण बसल्यावर त्याला काही सुचेना. मग तेजरावच म्हणाला, “मी सांगतो. याच्यात तेल व्हतं, आता अक्कल भरून नेतो. आन् नाईच भरली त जाताना तेल भरून नेतो. नुसकान नाई.” खांदे हलले. वसंता हसला. त्या दिवसापासून तेजरावचं नाव ‘पिपा’ पडलं, आणि तो स्वतःच ते नाव सांगत फिरू लागला. संध्याकाळी स्वयंपाक झाला की तो पिप्याच्या बुडावर बोटांनी ठेका धरायचा. “ऐका,” म्हणायचा, “पिपा बोलून राह्यला.”

तो पाट ही त्याची सवयच होती. कोणी टर उडवायला आलं की आधी पाट पुढं. एका आगाऊ पोरानं विचारलं होतं, “हे काय पाहुणचार?” तेव्हा तेजराव म्हणाला, “मजाक म्हणजे पाव्हणीच. दारातून हाकलली त गावभर फिरते. बसवून घेतली त आपल्याच घरची होते.”

मला हे जमत नव्हतं. ‘गाय’ ऐकलं की मी ताटावरून उठायचो. एक दिवस पोरांनी माझ्या पुढ्यात गवताची पेंढी आणून ठेवली.  खोलीवर येऊन सामान बांधायला लागलो. तेजराव भाकरी थापत होता. आमच्यात भाकरी त्यालाच यायची. गोल, पातळ, तव्यावर टाकली की फुगायची. काठवटीतून हात न काढता तो म्हणाला, “चाल्ला का?”

“हो.”

“जाय. पण एक जवाब देऊन जाय. मुकाट्यानं गेला त थे नाव तुह्यासंगं मोटारीत बसते. गावापर्यंत येते.”

“मला नाही सुचत जवाब.”

“सुचाले कशाले पाह्यजे? गाय म्हणून राह्यले ना? त मंग लात मार. गाय काय नुसतं दूधच देते का?”

दुसऱ्या दिवशी पेंढी पुन्हा आली.  मी पेंढी उचलली आणि वसंताच्या सायकलच्या हँडलला बांधली. “माझं पोट भरलंय,” मी म्हणालो, “हे आमच्या बैलाले.” एवढंच. फार मोठा विनोद नव्हता. पण पोरं हसली, वसंताही हसला, आणि सामान पुन्हा खुंटीला गेलं. नाव मात्र राहिलं. अजूनही आहे. आता टोचत नाही.

एवढ्यावरून कोणी समजेल की तेजराव सगळंच हसण्यावारी नेत असे. तसं नव्हतं.

माझे वडील एकदा बाजाराच्या दिवशी मला भेटायला कॉलेजात आले. इमारतीच्या पायरीशी त्यांनी वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि तसेच अनवाणी व्हरांड्यातून मला शोधत आले. देवळात जावं तसे. वसंतानं ते पाहिलं होतं. संध्याकाळी खोलीत पाच-सात पोरं जमली होती, तेव्हा त्यानं बूट हातात घेऊन, मान खाली घालून माझ्या वडलांची चाल करून दाखवली. पोरं लोळली. मीसुद्धा हसत होतो. नाही हसलो तर गाय रडली म्हणतील, अशी भीती होती.

तेजराव हसला नाही. पाटही पुढं केला नाही. त्यानं खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला.

“कुठं बे?” वसंतानं विचारलं.

“मोटारस्टँडवर. मोताळ्याची गाडी अजून लागली नशीन. गायीच्या बापाले घेऊन येतो. त्याइच्यासमोर करून दाखव. थे हसले त मीबी हसतो.”

आणि तो खरंच निघाला. जिना उतरला, रस्त्याला लागला. वसंता एका पायात बूट घालून त्याच्या मागं धावला. कोपऱ्यावर त्यानं त्याला गाठलं. तिथं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. परत आल्यावर तेजरावनं सगळ्यांना मिळून एवढंच सांगितलं, “माह्यावर बोला. दिवसभर बोला. जो समोर नाई, ज्याले जवाब देता येत नाई, त्याची मजाक नाई. थे मजाक नसते.”  पुढच्या वेळी माझे वडील आले तेव्हा त्यांना चहाला नेणारा वसंताच होता.

तेजरावचं लग्न मॅट्रिकच्या आधीच झालं होतं. तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांची झाली होती. त्याच्या बायकोचं नाव कौसल्या. ती माहेरी चौथी शिकली होती. सासरी आली तेव्हा त्यांच्या गावात नुकतीच सातवीपर्यंत शाळा झाली होती आणि तिनं तेजरावला विचारलं होतं, “मी जाऊ का?” तेजराव म्हणाला, “जाय.” त्याच्या वडलांना हे पटलं नव्हतं. लग्न झालेली बाई, लहान पोरांच्या रांगेत पाटी घेऊन बसणार! पण तेजराव हटला नाही. तेव्हा वडलांनी एकच अट घातली. “ज्या दिवशी गाव माह्या घराले हसलं, त्या दिवशी शाळा बंद.”

हे त्यानं आम्हांला सांगितलं ते भाकरी थापता-थापता. म्हणाला, “म्हणून मी भाकरी शिकलो. सुटीत घरी गेलो का सकाळच्या भाकरी माह्या. थे पाढे म्हणते, मी थापतो. माय पयले बोंबलली, आता माह्याच हातची मांगते.”

ती सातवीत होती त्या वर्षी पोळ्याला त्यानं आम्हांला गावी नेलं. वसंताला खेड्यातला पोळा पाहायचा होता. आम्ही आदल्या दिवशी पोचलो. कौसल्यावहिनी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. बारीक अंगाच्या, बोलायला हळू. पाणी देताना त्यांनी वसंताला विचारलं, “भाऊजी, तुमच्या कॉलेजात पोरी हायेत?” वसंता म्हणाला, “हायेत ना, चार.” “चारच?” म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांच्या गावच्या पोळ्याचा रिवाज सांगायला हवा. दुपार कलली की सजवलेल्या जोड्या मारुतीच्या पारापुढं तोरणाखाली ओळीनं उभ्या राहतात. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगुरमाळा. तोरण तुटण्याआधी माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे दोन ओळींचं टोमण्याचं गाणं, एकानं दुसऱ्यावर जुळवलेलं. शेवटी सगळ्यांनी ‘हर हर महादेव’ म्हटलं की झडती लागू झाली. झडतीचा राग धरायचा नाही. तिला झडतीनंच जवाब द्यायचा. ज्याला जवाब सुचला नाही किंवा जो चिडला, त्याची जोडी सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहते. मागं जाणं म्हणजे वर्षभराचं हसू. आणि झडती म्हणायची पुरुषांनी. बाया आजूबाजूच्या ओट्यांवर पूजेची ताटं घेऊन उभ्या राहतात आणि ऐकतात.

किसनमामा त्या गावचा झडतीतला पहिलवान. टोकदार मिशा, डोळे बारीक. सकाळी तो तेजरावच्या घरी चहाला आला होता, तेव्हा वसंता मोठ्या कौतुकानं बोलून गेला, “तुमच्या तेजरावच्या हातची भाकरी साऱ्या बुलढाण्यात नाही, मामा. वहिनी अभ्यास करतात, हा थापतो.” त्याला वाटलं, आपण मित्राची स्तुती केली. किसनमामानं चहाचा घोट घेतला आणि मिशी पुसली. तेजरावनं वसंताकडं नुसतं पाहिलं. वडील कोपऱ्यात बैलांच्या गोंड्यांना धागा ओवत होते. त्यांचा हात थांबला.

तोरणाखाली चार-पाच झडत्या झाल्या. कोणाच्या आळशी जावयावर, कोणाच्या बोडक्या बैलावर. मग किसनमामा पुढं झाला, तेजरावकडं वळला आणि हात वर करून म्हणाला:

“बायको गेली शाळेत, लेकरायच्या ओळीत,
तेजा आमचा चूल फुंके, राख पडे झोळीत!
हर हर महादेव!”

गाव हसलं. सगळं गाव. मी तेजरावच्या वडलांकडं पाहिलं. ते दुसऱ्या बैलाचा कासरा धरून उभे होते आणि जमिनीकडं पाहत होते. तेजरावनं अंगावरचा दुपट्टा काढला. झडतीलाही तो पाट देतोय की काय असं वाटलं. पारावर दुपट्टा अंथरला आणि म्हणाला, “मामा, बसा. उभ्यानं थकसान.” पुन्हा हशा. मग त्यानं दोन्ही हात हवेत थापल्यासारखे करत म्हटलं:

“माही भाकर तव्यावर फुगते कशी टम्म,
ज्याले थापता येत नाई त्यानं बसाव गुम्म!
हर हर महादेव!”

या वेळचं हसणं निराळं होतं. ओट्यावरच्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. वडलांनी मान वर केली. मला वाटलं, सुटलो.

पण किसनमामाला गुम्म बसणं परवडणारं नव्हतं. तो दुपट्ट्यावर बसला नाहीच. त्यानं ओट्याकडं तोंड केलं.

“सातवी शिकून बाई आमची होईल मोठी साहेब,
सासूबाईच्या घरातून सून झाली गायब!
हर हर महादेव!”

ही झडती तेजराववर नव्हती. ती तिच्यावर होती. ‘गायब’ या शब्दाला पळून गेल्याचा जो अर्थ चिकटला होता तो सगळ्यांना कळला, आणि गाव जे हसलं ते मघासारखं हसलं नाही. पुरुष एकमेकांना कोपरानं ढोसत होते. वडलांचा चेहरा काळवंडला. मी तेजरावकडं पाहत होतो. त्याला दोन ओळी सुचणं अवघड नव्हतं. त्याला त्या सुचल्याही असतील. पण त्यानं तोंड उघडलं नाही.

“जवाब दे ना बे तेजा!”

“सरला का पिठाचा डब्बा?”

“चिडला, चिडला! न्या जोडी मागं!”

तेजराव चिडला नव्हता. तो शांतपणे म्हणाला, “मामा, याचा जवाब माह्याजोळ नाई. झडती माह्यावर आली व्हती, मी देल्ला. हे झडती तिच्यावर आली. जिची झडती तिचा जवाब. थे काय, थे वट्ट्यावर उभी हाय. गायब नाई.”

आणि त्यानं हाक मारली.

“कौसल्ये! जवाब दे.”

भर गावात, वडलांच्या देखत, बायकोला नावानं. हे वाचून शहरातल्या कोणाला त्यात काय विशेष असं वाटेल. त्या पारापुढं त्या क्षणी बैलांच्या घुंगरांचाच काय तो आवाज होता. कोणी म्हातारा म्हणाला, “बाई मानसानं झडती? भ्रष्टलं का हे पोट्टं?” 

कौसल्यावहिनी सासूच्या शेजारी उभ्या होत्या. हातात ताट, ताटात कुंकू आणि पुरणाची पोळी. त्या ओट्याच्या कडेपर्यंत आल्या.  पहिले दोन शब्द ऐकूच आले नाहीत. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, शाळेत धडा म्हणतात तशा सरळ सुरात:

“गायब नाई झाले मामा, उभी हाय दारात,
तुमच्या नातीले धाडा शाळेत, बसवीन शेजारात.”

पुढचं ‘हर हर महादेव’ त्यांनी म्हटलं नाही. त्यांना ते म्हणायचं असतं हे सुचलं नसावं. आणि ते कोणी म्हटल्याशिवाय झडती लागू होत नाही.

तेजरावनं म्हटलं. एकट्यानं. छाती भरून. त्याच्या मागं कोणाचा आवाज आला नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. मी घसा खाकरत होतो. परक्या गावात, पाहुणा म्हणून आलेलो, आपण ओरडावं की नाही याचा विचार करत होतो. तेवढ्यात ओट्यावरून एक चिरका आवाज आला, “हर हर महादेव!” ती तेजरावची माय होती. जिच्या घरातून सून गायब झाली म्हणत होते, ती. तिच्या पाठोपाठ पाराच्या मागच्या भिंतीवर बसलेली शाळेची पोरं, कौसल्यावहिनींच्या ओळीतली, सगळी एका दमात ओरडली. मग मी ओरडलो, वसंता ओरडला. गावातले अर्धे पुरुष ओरडले. अर्धे गप्प राहिले, ते शेवटपर्यंत गप्प राहिले.

किसनमामानं डोकं खाजवलं. पारावरचा तेजरावचा दुपट्टा उचलला, झटकला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. “पोरी झडतीत आल्या त माहा धंदा बसला बे,” म्हणाला. पण गावच्या पाटलानं निकाल दिला. बाईचा जवाब धरता येत नाही, रिवाज नाही. तेजरावची जोडी मागं.

तेजराव काही बोलणार होता. त्याआधीच त्याच्या वडलांनी दोन्ही बैलांचे कासरे एका हातात घेतले. “मागं त मागं,” ते म्हणाले. “जवाब त देल्ला ना सुनंनं?” आणि जोडी वळवून, सगळ्या ओळीसमोरून, सावकाश चालत शेवटी जाऊन उभे राहिले. मान वर करून. तेजराव त्यांच्या बाजूला गेला. तोरण तुटलं, बैल घराकडं निघाले आणि त्यांची जोडी धुरळ्यात सर्वांत शेवटी आली. मला ती सगळ्यांत देखणी वाटली.

रात्री तेजरावचे वडील जेवून उठले. हात धुताना त्यांनी भिंतीकडं पाहत विचारलं, “उद्या करीची सुटी अशीन. परवा शाळा हाय ना?”

आतून उत्तर आलं, “हाव.”

त्या वर्षी तेजराव इंग्रजीत नापास झाला आणि कौसल्यावहिनी सातवीला पास झाल्या. पोरांनी त्याला काय काय म्हटलं असेल याची कल्पना येईल. तो पाटावर स्वतः बसला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एका घरात दोघं पास झाले त घर फुटते बे.” मग पिप्यात सामान भरलं. पिप्यात तेल भरून नेतोस का, असं वसंतानं विचारलं. वसंताचेच डोळे ओले झाले होते, म्हणून त्याला ते नीट विचारता आलं नाही. तेजराव म्हणाला, “अक्कल भरली बे थोडीशी. तेलाले जागा नाई.”

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात. लोणारकडं जाणारी आमची मोटार बीबीच्या अलीकडं पुलाजवळच्या एका फाट्यावर थांबली. बाजूला चहाचं दुकान, पलीकडं जिल्हा परिषदेची नवी शाळा, दोन खोल्यांची. आतून पाढे ऐकू येत होते. एक बाईचा आवाज पुढं, पोरांचा मागं. तो आवाज मी ओळखला. धडा म्हणतात तसा, सरळ. सातवी पास बाईला अशा शाळेत नोकरी मिळते.

शाळेच्या फाटकाशी तेजराव उभा होता. कान तसेच. हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. चहाच्या दुकानावरचे तिघं-चौघं त्याला टाकून बोलत होते.

“काय तेजराव, मास्तरीणबाईचा डब्बा आला वाटते!”

“हाव,” तेजराव म्हणाला.

“बाई पगार आनते, तुमी भाकरी आनता. मजा हाय बुवा तुमची. नवरा कोन अन् बायको कोन, कायी समजून नाई राह्यलं!”

मोटारीतली माणसंही हसली. तेजराव दुकानाकडं वळला. पुलाच्या कठड्यावर धूळ होती, ती त्यानं दुपट्ट्यानं झटकली आणि त्या बोलणाऱ्या माणसाचा दंड धरून त्याला तिथं बसवलं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, “तेजराव!”

त्यानं पाहिलं. एक क्षण ओळख पटली नाही, मग खांदे हलायला लागले. “अरे, गाय! गाय बोलाले लागली बे!” मोटारीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “लात पण मारते आता!” मोटार सुरू झाली होती. आणखी काही बोलायला वेळ नव्हता.

मी मागं वळून पाहत राहिलो. तेजरावनं फडक्याची गाठ सोडली, एक भाकर काढली, तिचा चतकोर मोडला आणि कठड्यावर बसवलेल्या त्या माणसाच्या हातात दिला. त्या माणसानं घास तोंडात घातला. तेजराव कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा राहिला. काय म्हणत होता ते मला ऐकू आलं नाही, पण ते मला माहीत होतं.

“खाय आंधी. मंग बोल.”

तो माणूस चावत होता. मोटार वळणावर जाईपर्यंत तो चावतच होता.